काळोखापासून मोजणी

नमस्कार श्रोतेहो.

आज एका शब्दापासून सुरुवात करतो. रोमन लिपीत तो लिहितात तसा वाचला, तर 'समहेन' असा काहीतरी उच्चार होतो. मीही बरीच वर्षं तसाच वाचत होतो. आयरिश माणूस मात्र म्हणतो 'साउन'. मधली अक्षरं बहुधा शोभेला ठेवलेली असावीत. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच साउन. आणि ३१ ऑक्टोबरची जी रात्र जगभर हॅलोविन म्हणून माहीत आहे, ती तिकडे साउनची रात्र. भोपळे, भुताचे मुखवटे, दारोदार चॉकलेटं मागणारी पोरं हे सगळं आपण पडद्यावर पुष्कळ पाहिलंय, त्याबद्दल आज बोलायचं नाही. साउन म्हणजे हिवाळ्याचा उंबरठा. त्या उंबरठ्यावर घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण का काढायची, हे मला आज सांगायचंय.

तिथलं हवामानखातं हिवाळा धरतं १ डिसेंबरपासून, थंडी बघून. आयर्लंडचा जुना हिवाळा सुरू होतो १ नोव्हेंबरला, आणि तो थंडीपेक्षा उजेडाकडे बघतो. डब्लिनला त्या दिवशी सूर्य पाचच्या आधीच मावळतो. डिसेंबरच्या मध्यावर तर चार वाजून जेमतेम काही मिनिटं झाली की संपलं. तिथल्या खेड्यात विजेआधीच्या काळात संध्याकाळ म्हणजे काय असेल, ते डोळे मिटून क्षणभर मनात आणा. चुलीतल्या जाळाचा जेवढा उजेड, तेवढंच घर.

या लोकांनी वर्षाचे दोन भाग केले होते. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी 'बेलटेन'ला उजेडाचा भाग सुरू होई आणि साउनला काळोखाचा. ज्युलियस सीझरनं गॉल लोकांबद्दल लिहून ठेवलंय, की ते काळ मोजताना दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. वाढदिवस असो, महिन्याचा आरंभ असो, रात्र पहिली आणि तिच्या मागून दिवस. गॉल म्हणजे आजचा फ्रान्स, आयर्लंड नव्हे. पण दोघांच्या भाषा एकाच केल्टिक कुळातल्या, आणि साउनसुद्धा सुरू होतो तो आदल्या रात्रीच. यावरून साउन हेच केल्टिक लोकांचं नववर्ष होतं, असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. पुरावा तेवढा छातीठोक नाही. जुन्या पुजाऱ्यांनी स्वतःच्या हातानं काही लिहून ठेवलं नाही; आपल्याकडे जे आलंय ते पुढच्या शतकांत ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी उतरवलेलं.

पुरावा आहे तो गुराढोरांचा. उन्हाळाभर गुरं डोंगरावरच्या कुरणांत असत. साउनला ती खाली उतरवायची. मग कठीण काम. गंजीत गवत किती, गोठ्यात जागा किती, आणि त्यावर किती जनावरं हिवाळा काढतील? जी तग धरणार नाहीत ती विकायची, नाहीतर कापून मांस मिठात घालायचं. नोकरांचे करार संपत, खंड भरावा लागे, देणीघेणी मिटत. रानातल्या काळ्या बोरांसारख्या फळांनाही शेवटची तारीख होती: साउननंतर त्यावर 'पूका' नावाचं भूत थुंकतं, म्हणून खायची नाहीत. कडाका पडला की ती फळं तशीही बेचव होतात. भुताला निमित्त पुरतं.

तर असा हा सगळा मोजदादीचा दिवस. आणि माणूस मोजायला बसला, की घरातली माणसंही मोजतोच. गेल्या साउनला या चुलीपाशी कोण होतं, आज कोण नाही. मला वाटतं पितरांची आठवण या सणात वरून, धर्मग्रंथातून आलेली नसावी. ती हिशेबातूनच आली असावी. हा माझा तर्क. अभ्यासक त्यावर वाद घालतील, घालू द्या.

पुढे चर्चनं याच दिवसांना आपली नावं दिली. १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. हा दुसरा दिवस फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओदिलो नावाच्या मठाधिपतीनं रुळवला, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावर. आयर्लंडच्या खेड्यांत मात्र घरच्या रीतीनं जे चालायचं ते फार साधं होतं. त्या रात्री जमीन झाडून घ्यायची. चुलीत विस्तव नीट राखून ठेवायचा. खुर्च्या विस्तवाकडे तोंड करून मांडायच्या. मेजावर झऱ्याच्या पाण्याचं भांडं. दाराला कडी लावायची नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी लवकर झोपायला जायचं.

हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं. लवकर झोपायला जायचं! त्या रात्री घरातली गेलेली माणसं परत येतात अशी समजूत, त्यांना घर मोकळं मिळावं म्हणून. त्यांना बोलवायचं नाही, काही विचारायचं नाही, नवस बोलायचा नाही. ज्या माणसानं ती चूल बांधली, त्याला एक रात्र तिच्यापाशी निवांत बसू द्यायचं. काही घरांत गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक मेणबत्ती लावत. पुन्हा मोजणीच.

या रीती आज आपल्याला कळतात, त्याचं श्रेय बऱ्याच अंशी शाळकरी पोरांना आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमध्ये एक योजना झाली. वरच्या वर्गातल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील ते लिहून आणा. सुमारे ५०,००० मुलांनी लिहिलं. चेटकं, सणवार, औषधं, गावातली भुतं, सगळं त्या वह्यांत आहे. पूर्वजांचा मान राखायची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही: ते जिवंत असताना वही-पेन्सिल घेऊन समोर बसणं.

मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे. तिथे 'ओलिसांचं टेकाड' म्हणून एक गवताळ उंचवटा दिसतो. तो आहे दगडी थडग्यावर रचलेला, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा. आत शेकडो माणसांच्या अस्थी सापडल्या. त्यातली चिंचोळी वाट अशा दिशेनं आहे, की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास उगवता सूर्य आत डोकावतो, आणि मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा. वाट आखूड आहे, त्यामुळे नेमका हाच दिवस असं बोट ठेवता येत नाही. ज्यांनी ते बांधलं त्यांची भाषा कोणती, सणाला ते काय म्हणत, सगळं पुसलं गेलंय. ऊन तेवढं ठरल्यासारखं येतं.

आजही साउन पाळणारे लोक आहेत, आयर्लंडमध्ये आणि बाहेरही. जेवणाच्या मेजावर एक पान रिकाम्या खुर्चीसमोर वाढायचं आणि जेवण संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, अशी रीत त्यांच्यातले काहीजण पाळतात. ऑस्ट्रेलियातली मंडळी साउन एप्रिलच्या अखेरीस करतात, कारण त्यांचा हिवाळा तेव्हा दारात असतो. मला हे पटतं. तारखेपेक्षा काळोख खरा.

आयर्लंडच्या कॅथलिक चर्चमध्ये नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट होते. लोक कागदावर आपल्या गेलेल्यांची नावं लिहितात, पाकिटात घालतात आणि ती पाकिटं महिनाभर वेदीवर राहतात. हे वाचलं त्या रात्री मीही एक कागद घेऊन बसलो. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजोबा-पणज्या आठ. दोन लिहिली, चार लिहिली. आठांपैकी पाच आठवली. अडलो ते उरलेल्या तीन पणज्यांपाशी. एकीच्या हाताला विलक्षण चव होती म्हणतात, दुसरी फार रागीट होती, तिसरी अकाली गेली. एवढं सगळं माहीत, नाव तेवढं माहीत नाही. घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "थांब, एकीचं आठवतंय."

मी पेन्सिल उचलली.

नमस्कार.