तुटावा म्हणूनच बसवलेला बोल्ट

गेल्या हिवाळ्यात इथे बसलेल्यांपैकी तिघा-चौघांचे मला फोन आले आणि प्रत्येकाने एकच विचारलं. "काका, ब्लोअरचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय. जरा दणकट बोल्ट टाकला तर चालेल का?" बर्फ फेकणाऱ्या यंत्रावर जास्त भार आला की कातरला जातो तो हा बोल्ट. मी फक्त "नको" म्हणालो. बाहेर बर्फ पडत होता, तुम्हाला रस्ता मोकळा करून कामावर जायचं होतं. आज ऑक्टोबर आहे, हातात वेळ आहे, तेव्हा त्या "नको"मागचं कारण सविस्तर सांगतो.

न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या या पट्ट्यात वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. लेक ओंटारिओवरून वारा सुटला की एका रात्रीत गुडघाभर साचतो. शहराबाहेर चार-पाच एकर घेऊन राहणारी आपली मंडळी २५-३० हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर ठेवतात आणि त्याच्या मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा स्नोब्लोअर जोडतात. आडवा ऑगर, म्हणजे स्क्रूसारखं फिरणारं पातं, बर्फ मधोमध ओढून आणतो, त्यामागचा पंखा तो नळीतून लांब फेकतो. क्विबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ साली असं यंत्र पहिल्यांदा चालवून दाखवलं. मळणी यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. गावाकडे मळणी यंत्रात ओला पेंढा अडकलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना माझं पुढचं बोलणं लगेच कळेल.

आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार होती. फ्यूज उडाला की वडील ठरलेलीच बारीक तार लावायचे. एकदा ते परगावी होते. वीज रात्री दहानंतर यायची, उसाला पाणी द्यायची घाई, म्हणून चुलत्यांनी जाड तार गुंडाळली. मग फ्यूज उडाला नाही, मोटार जळाली. रिवाइंडिंग होऊन येईपर्यंत आठ दिवस ऊस तहानलेला उभा होता. शिअर बोल्ट म्हणजे ती बारीक तार. सगळ्या यंत्रात मुद्दाम कमजोर ठेवलेली ती एकच जागा आहे.

आता थोडं गणित करू. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ३० हॉर्सपॉवर त्या वेगाने द्यायची तर शाफ्टवर सुमारे ४०० न्यूटन-मीटर पीळ येतो. समजा बोल्ट शाफ्टच्या मध्यापासून पाच सेंटीमीटरवर आहे. त्या चार बोटांच्या लोखंडावर आठ हजार न्यूटन, म्हणजे आठशे किलोच्या वजनाइतका जोर पडला. ६ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) बोल्ट अशा जागी साधारण ६८० न्यूटन-मीटरला कातरला जाईल. रोजच्या कामाच्या पावणेदोन पट. हे ठीक आहे, गिअरबॉक्स एवढं सोसतो. त्याच जागी भोक वाढवून ८ मिलिमीटरचा बोल्ट घातला तर? दोनच मिलिमीटरचा फरक वाटतो, पण ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते. तो बोल्ट १२०० न्यूटन-मीटरपर्यंत तुटणार नाही. आधी दुसरं काहीतरी तुटेल.

इकडच्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी हेच केलं होतं. रात्री अकरा वाजता तिसरा बोल्ट तुटला, डब्यात एक हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा, बोल्ट होता, तो ठोकून बसवला. वीस मिनिटांनी गोठलेल्या मातीचं ढेकूळ पंख्यात गेलं आणि गिअरबॉक्समधून जो आवाज आला तो अजून कानात आहे. गिअरचे चार दात निघाले, कवचाला तडा गेला. बोल्ट मात्र जसाच्या तसा होता. गिअरबॉक्स मिळायला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे आम्ही नवरा-बायको फावड्याने बर्फ काढत होतो.

म्हणून दुकानात गेलात की आधी बोल्टचं डोकं पाहा. इंची मापाच्या बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, कोरं डोकं म्हणजे ग्रेड २. मेट्रिक बोल्टवर ८.८, १०.९ असे आकडे असतात. यंत्राच्या पुस्तिकेत जो लिहिलाय तोच घ्या, वरचा नको आणि खालचाही नको. आणि ऑगरचा बोल्ट पीटीओ शाफ्टवर, शाफ्टचा ऑगरवर, अशी अदलाबदल करू नका. ऑगर हळू फिरतो, म्हणून तिथला पीळ वेगळा, बोल्टही वेगळा.

बोल्ट वारंवार तुटत असेल तर तो का तुटतो हे शोधा. निम्म्या वेळा दोष बर्फाचा नसतोच. बोल्ट शेवटपर्यंत आट्यांचा घेतला आणि कातर नेमकी आट्यांवर आली, तर तो लवकर जातो. कातरण्याच्या जागी बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा, म्हणून लांबीही तीच लागते. नट सैल राहिला की बोल्ट भोकात हलतो, भोक लांबट होतं, आणि मग प्रत्येक हिसक्याला त्याच्यावर हातोडा बसतो. असं भोक झालं असेल तर नवीन बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवून घ्या. बोल्ट बदलत राहून ते सुधारणार नाही.

आता जे फार कमी लोक पाहतात ते सांगतो, आणि हे मला सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे. बोल्ट तुटला म्हणजे यंत्र वाचलं, हे गृहीत धरू नका. बोल्ट तुटल्यावर ऑगर शाफ्टवर मोकळा फिरला तरच ते वाचतं. इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, ते बर्फाबरोबर आत जातं. दोन-तीन वर्षं ग्रीस मिळालं नाही की ऑगरची नळी शाफ्टला गंजाने धरते. मग बोल्ट असला काय, नसला काय, दोन्ही एकजीव फिरतात. बाहेरून सगळं नीट दिसतं. परवा एका शेजाऱ्याच्या ब्लोअरचा बोल्ट मी काढला तर ऑगर हाताने तसूभर हलेना. गंज सोडवणारं तेल घालून, दोन दिवस ठेवून, लाकडाचा ठोकळा धरून ठोकत सोडवावा लागला. दर ऑक्टोबरला बोल्ट काढा, ऑगर हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहा, ग्रीस भरायच्या निपलमधून नव्याने भरत जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा, मगच बोल्ट घाला.

काहींच्या शाफ्टवर बोल्टऐवजी स्लिप क्लच आहे. जास्त भार आला की त्याच्या चकत्या घसरतात आणि खाली उतरावं लागत नाही. सोय मोठी आहे, पण उन्हाळाभर शेडमध्ये पडून त्या चकत्याही गंजाने चिकटतात. मोसमाआधी स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा, सगळे नट सारखेच सैल करा, चकत्यांच्या कडेवर रंगाची आडवी रेघ मारा आणि पीटीओ क्षणभर लावून बंद करा. इंजिन बंद करून पाहा. रेघ तुटलेली दिसली तर चकत्या घसरल्या. नट परत मोजलेल्या लांबीवर आणा. रेघ अखंड असेल तर क्लच उघडून चकत्या घासाव्या लागतील.

बर्फाखाली काय असतं याची यादी मोठी आहे. वर्तमानपत्राची गोठलेली गुंडाळी, पायपुसणं, कुत्र्याची साखळी, नाताळच्या दिव्यांची माळ. दोरीसारखी वस्तू सर्वांत वाईट, कारण ती ऑगरला गुंडाळत जाते आणि भार हळूहळू वाढतो. म्हणून जमीन गोठायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोका, आणि अंगणातलं सामान आजच उचला. खडीचा रस्ता असेल तर ब्लोअरखालच्या घसरपट्ट्या खाली सोडा, म्हणजे ऑगर खडी उचलणार नाही. गावाचा बर्फ हटवणारा नांगर तुमच्या फाटकाशी जो बांध टाकून जातो, तो खारट, दाबलेला, ढेकळांचा असतो. तिथे पहिला गिअर घ्या. पण इंजिनचा वेग कमी करू नका. पीटीओ ५४० वरच ठेवा, ट्रॅक्टर हळू चालवा. मार्चमधल्या ओल्या बर्फात तर हे फारच पाळा, नाहीतर नळी चोंदते.

काम संपलं की ब्लोअर मिनिटभर रिकामा फिरू द्या. आत राहिलेला ओला बर्फ रात्रीत दगड होतो, पंखा त्याच्या कवचाला चिकटतो आणि सकाळी पीटीओ लावताच बोल्ट जातो. सकाळी आधी इंजिन बंद असताना लाकडाने पंखा हलवून पाहा, मग मंद वेगावर पीटीओ लावा, मग वेग वाढवा.

शाफ्टबद्दल थोडक्यात. तो एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. सरकणं गंजाने थांबलं की ब्लोअर वर-खाली होताना सगळा रेटा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, म्हणून नळ्यांनाही ग्रीस द्या. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे वळणारा सांधा, तिरका झाला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर हा हिसका जिरतो. ब्लोअर उंच उचलला की कोन बिघडतात, तेव्हा उचलण्याआधी पीटीओ बंद.

आणि नळी चोंदली तर हात घालायचा नाही. कधीच नाही. मी इथल्या इस्पितळात बोटं गमावलेला तरणाताठा माणूस पाहिलाय. पंख्यात अडकलेल्या वस्तूमुळे पीळ साठलेला असतो, इंजिन बंद असलं तरी अडकण निघताच पंखा झटक्यात फिरू शकतो. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं थांबेपर्यंत जागेवर, आणि मग काठीने. बोल्ट बदलतानाही हाच क्रम. केबिनमध्ये एका डब्यात दहा बोल्ट, नट, दोन पान्हे, तुटका तुकडा बाहेर काढायला पंच आणि एक टॉर्च ठेवा. उणे वीस अंशांत गॅरेजपर्यंत जायला लागू नये. माणूस गारठला, घाईला आला की हाती येईल तो बोल्ट घालतो.

माझा ब्लोअर बाहेर ट्रेलरवर आणलाय. बोल्ट काढून ठेवलाय, ऑगर किती हलका फिरतो ते हात लावून पाहा, आणि आपला तसा फिरतो का ते घरी जाऊन तपासा. ट्रॅक्टरची किल्ली माझ्या खिशात आहे.