तळ्याकाठचं घर आणि खालून येणारं ऊन

नमस्कार मंडळी. तळ्याकाठी घर बांधायचं ठरलं की लोक पहिलं विचारतात, सोलर किती किलोवॅटचं बसवू? सोलर नंतर हो, आधी खिडक्या. पुन्हा सांगते, आधी खिडक्या.

माझ्या मैत्रिणीनं फार हौसेनं असं घर बांधलं, पाण्याकडची म्हणजे पश्चिमेची भिंत अख्खी काचेची आणि वर चार फुटी छज्जा. संध्याकाळी हॉलच्या छतावर उजेडाच्या लाटा हलायच्या, इतकं देखणं दिसायचं की येईल तो मोबाइल वर करून व्हिडिओ काढायचा. पण उन्हाळा आला आणि एसी पुरेना. गॅस भरून झाला, मोठं मशीन आणलं, तरी पाच वाजले की हॉलमध्ये बसवत नव्हतं. एकदा मी तिथेच सोफ्यावर आडवी पडून त्या लाटा बघत होते आणि एकदम लक्षात आलं, अगं, हे ऊन आहे! छतावर ऊन पडलंय म्हणजे ते खालून येतंय, पाण्यावरून उसळून. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी जेमतेम 2 टक्के ऊन परत फेकतं, पण तो उतरून क्षितिजाच्या 10 अंश वर आला की साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे समोरून एक सूर्य, खालून दुसरा, आणि छज्जा दोघांनाही अडवत नाही. जाड पडदे होते, पण आतून, ऊन काच ओलांडून आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. शेवटी काचेच्या बाहेरून गुंडाळायचे ब्लाइंड्स लावले तेव्हा हॉल बसण्यासारखा झाला. बाहेरून बरं का, ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं.

आणि लॉन पाण्यापर्यंत नेऊ नका हो, खत पावसाबरोबर तळ्यात उतरतं आणि शेवाळ माजतं, काठावरची झुडपं राहू द्या, मला तर तीच जास्त आवडतात.

फटींचं थोडक्यात सांगते. पाण्यावरून वारा मोकळा येतो, तेव्हा वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती चौकटीजवळ धरा, धूर वाकला तिथे फट आहे, ती बुजवा. घर घट्ट केलं की हवा खेळती ठेवायची सोयही करा, नाहीतर ओल धरते.

आणि प्लॅन फायनल करण्याआधी एकदा संध्याकाळी पाच ते सात प्लॉटवर खुर्ची टाकून बसा, तोंड पाण्याकडे करून.