फळीवरची केळना

(दृश्य: वर्धा नदीचा काठ. मुलं वाळू चाळताहेत.)

आधी पिठाच्या चाळणीतून, मग चहाच्या गाळणीतून. चाळणीत उरलेले खडे कुणी फेकत नाही. ते पात्रातले गोटे होणार आहेत. खाली पडलेली बारीक वाळू काठाला लागेल.

वर्धेकाठच्या या गावात एक नदी तयार होते आहे, सुट्या तुकड्यांची. टेबलावर तुकडे जोडायचे, काठावर 28 मिलिमीटर उंचीचे सैनिक मांडायचे आणि फासे टाकून लढाई खेळायची. प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात 1824 साली अधिकारी अशाच खेळातून युद्ध शिकू लागले. इथे हा खेळ आणला इतिहासाच्या गुरुजींनी.

नदी आहे जालना जिल्ह्यातली केळना. लढाई असईची, 23 सप्टेंबर 1803. शिंदे आणि नागपूरकर भोसले एका बाजूला, इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या.

(दृश्य: सुताराचं दुकान. फळीवर फरमा ठेवून पेन्सिल फिरते.)

तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल जिथे घडतात, तिथेच या फळ्या कापल्या जातात. तीन मिलिमीटर जाडीचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, एक फूट लांब, सहा इंच रुंद. नीट पाहा तो पुठ्ठ्याचा फरमा. सगळी करामत त्यात आहे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना पात्र तीन इंचच हवं, आणि बरोबर मध्यावर. मग तुकडा उलटा फिरवला तरी पुढच्याला जुळतो. मधल्या भागात मात्र नदीला मोकळीक.

आणि ती वळलीच पाहिजे. "सरळ नदी नसते रे, सरळ असते तो कालवा," गुरुजी मुलांना सांगतात. म्हणून आधी मुलांना वर्धेच्या वळणावर नेलं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात घासतं, तिथे काळ्या मातीची उभी दरड. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, तिथे वाळू साचते. फळीवरही तसंच: बाहेर थर्माकोलचा उंच काठ, आत वाळूचा सपाट उतरता पट्टा. बाजारात मिळणाऱ्या तयार नद्यांमध्ये दोन्ही काठ सारखेच उंच असलेले पुष्कळदा दिसतात. या मुलांची नदी त्याहून खरी आहे.

थर्माकोलवर फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाचा लेप. त्याशिवाय स्प्रेचा रंग मारला तर थर्माकोल विरघळतो. लेप ओला असताना फळी वाकते, म्हणून खालच्या बाजूलाही फेव्हिकॉलचा हात द्यायचा आणि वाळेपर्यंत वर विटा ठेवायच्या.

(दृश्य: रंगाच्या वाट्या. ब्रश पात्रातून फिरतो.)

पाणी निळं नाही. सप्टेंबरातली नदी गढूळच असणार. मध्यभागी गडद तपकिरी, काठाकडे येताना मातकट. त्यावर चकाकीचं व्हार्निश, पातळ हात, एकावर एक. वाळवायचं सावलीत. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर आधी धरतो आणि आतला ओलाच राहतो. काठावरची झुडपं पऱ्हाटीच्या काड्यांची, लव्हाळं जुन्या केरसुणीचं.

(दृश्य: एक तुकडा हातात, जवळून.)

हा तुकडा वेगळा आहे. इथे रंग फिका, गोटे वर आलेले, आणि पाण्यात उतरणाऱ्या बैलगाडीच्या चाकोऱ्या. हा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं, जवळ उतार नाही. पण केळनेच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसली, आणि त्यानं ताडलं की इथून येणंजाणं असणारच. नदीकाठच्या आपल्या कुठल्याही पोराला हे न सांगता कळतं. पुस्तकातल्या एका ओळीत ते हरवतं, टेबलावर हरवत नाही. खेळाचा नियमच तसा ठेवला आहे: फौज ओलांडेल ती फक्त इथून, तीही अर्ध्या चालीनं.

वेलस्ली पार झाला तशी शिंद्यांची कवायती पायदळं पूर्वेकडे तोंड करून वळली. उजवी बाजू केळनेला टेकलेली, डावी असई गावाजवळ जुई नदीला. दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळं घडलं. टेबलावर दोन्ही नद्या लावल्या की मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतात, बगलेवरून वळसा घालायला जागाच नाही.

त्या दिवशी वेलस्लीचे 428 जण मेले, हजारावर जखमी झाले. मराठ्यांच्या 98 तोफा गेल्या. पुढे आडगावची लढाई, गाविलगडचा पाडाव, आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला.

(दृश्य: पूर्ण टेबल, वरून. मुलं फासे टाकताहेत.)

आता संगमाचा तुकडा व्हायचा आहे. केळना आणि जुई जिथे मिळतात तो, तीन तोंडांचा. फरमा शाळेच्या भिंतीवर टांगलेला आहे, कुणीही गिरवून न्यावा. तोंड तीन इंच आणि मध्यावर ठेवलंत, तर तुमच्या गावात केलेला तुकडाही या नदीला जोडता येईल.