चोर पळाला!

(दृश्य: मे महिन्यातली दुपार, इंदूर. कूलरची घरघर. फरशीवर पालथी पडलेली मुलगी, समोर पुस्तक.)

ही माझी भाची. वय वर्षं दहा. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. मराठी बोलायची ती आजीशी, तीही आपली इंदुरी: "आजी, तू काय करून राहिली?" गेल्या सुट्टीपर्यंत हिनं एकही मराठी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. आज तिसरं हातात आहे. जेवायला तीन हाका मारून झाल्या, ती हललेली नाही.

पुस्तक आहे फास्टर फेणेचं.

फुरसुंगीचा बनेश फेणे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा किडकिडीत पोरगा. सायकल आणि तो, दोघं सुसाट. डोक्यात काही लख्ख झालं की तोंडातून आवाज येतो: ट्टॉक्!

या पोराला घडवलं भा. रा. भागवतांनी. जूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मराठी मुलांपर्यंत आणल्या, त्याही त्यांनीच. भागवतांचा जन्म 31 मे 1910 चा, आणि तो इंदूरचा! फुरसुंगी पुण्याजवळची असेल, पण बन्याचे लेखक आपल्या गावात जन्मले. इथल्या प्रत्येक मराठी मुलाला मी हे सांगतो. अभिमानानं सांगतो.

(दृश्य: ओळीवरून सरकणारं बोट.)

इंदूरच्या मुलांना देवनागरी येते, हिंदीमुळे. अडतं ते ळ पाशी. रोजच्या हिंदीत हे अक्षर नाहीच. पहिल्या दिवशी भाची मोठ्यानं वाचत होती, "चोर पलाला."

आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "पलाला नाही गं, पळाला. जीभ वर वळव."

आता गंमत बघा. पाठलागाच्या गोष्टीत ळ पासून सुटका नाही. पळ, वेळ, काळोख, डोळे, सापळा, गोंधळ! चोराच्या मागे धावायचं तर त्या अक्षरावरूनच जावं लागतं. पुस्तक अर्धं होईतो जीभ आपोआप वळायला लागली.

शब्दही असेच फसवतात. "चोराला शिक्षा झाली," असं मी एकदा म्हणालो, तर ही विचारते, "मामा, त्याला शाळेत घातलं?" बरोबरच आहे, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पण रहस्यकथेत असा शब्द आडवा आला, तरी ती शब्दकोश आणायला उठत नाही. पुढच्या ओळीत बेड्या दिसतात, अर्थ कळतो, पान उलटतं.

मुलांच्या हाती आपण आधी बोधकथा देतो. मला वाटतं, परक्या मुलखात वाढणाऱ्या मुलाला आधी धावती गोष्ट द्यावी. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा भाषेची भीती वाटायला सवडच मिळत नाही.

(दृश्य: रात्र. सराफा. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली येताहेत, त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या लागताहेत.)

परवा आम्ही सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात होतो. ही एकदम थांबली. "मामा, सोन्याची दुकानं बंद होतात आणि गाड्या लागतात, त्या मधल्या वेळात कुणी आत लपलं तर?"

घरी येऊन तिनं वही काढली.

(दृश्य: वहीचं पहिलं पान. पेन्सिलीनं लिहिलेली एकच ओळ, त्यातला ळ तीनदा गिरवलेला.)

"सराफ्यात काळोख झाला आणि चोर पळाला."