उरलेलं कोण खातं?

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

पुढं बसलेल्या अक्का, मावश्या आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या पोरींनो, नमस्कार.

मंडळानं विषय दिलाय ‘उरल्यासुरल्याचे पदार्थ’. पदार्थ सांगतेच, पण आधी एक विचारू? काल रात्री तुमच्याकडं जे उरलं, ते आज सकाळी कुणी खाल्लं? हसताय, म्हणजे मला उत्तर मिळालं. नवऱ्याला गरम भाकरी, पोरांच्या डब्यात चपाती, आणि डिचकीतला वाटीभर भात नि तळाला लागलेलं कालवण आपल्याला. ‘टाकायचं कशाला’ म्हणत आपण ओट्याशी उभ्या उभ्या ते संपवतो आणि वर त्याला काटकसर म्हणतो.

मी बेळगावात टिळकवाडीत २२ वर्षं खानावळ चालवते. कॉलेजची पोरं, एकटी राहणारी नोकरदार माणसं, अशी गिऱ्हाइकं. उरलेलं अन्न म्हणजे माझ्या धंद्यात सरळ सरळ पैसा. तरी सुरुवातीची वर्षं मीही हेच करत होते. एका मे महिन्यात रात्रीचा भात झाकून ओट्यावरच राहिला. सकाळी बघितला तर वास नाही, तार नाही. पण गिऱ्हाइकाला वाढायला मन धजेना. मग लसणाची फोडणी दिली आणि मीच खाल्ला. दुपारी ताटं मांडायच्या वेळेला मी मोरीत ओकत बसले होते.

डॉक्टरांनी समजावलं ते सांगते, कामाचं आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. भात शिजला तरी त्याचं बी मरत नाही. भात उबेला राहिला की ते रुजतं, वाढतं आणि विष सोडतं. ते विष एकदा तयार झालं की भात कितीही परता, जात नाही. म्हणून भात उरला तर परातीत पसरून लवकर गार करायचा, तासा-दीड तासात फ्रीजमध्ये टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला वाफ येईतो तापवून संपवायचा. फ्रीज नसेल तर मुळात मूठभर कमी शिजवा. पण त्या दिवशी मला जंतूपेक्षा दुसरंच लागलं. जे परक्या पोराच्या ताटात घालायला मी भ्याले, ते माझ्या ताटात बिनदिक्कत घातलं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घराघरांतून. आपल्या देशात घरातून वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला ५५ किलो धरलंय. त्या मोजणीत साली, बिया, हाडंसुद्धा येतात. म्हणजे दोडक्याच्या शिरा टाकल्या की त्या वजनात गेल्या. पण घरच्या बाईनं भूक नसताना गिळलेला भात त्यात येत नाही. तो त्यांच्या हिशेबानं वाचला!

म्हणून माझा एकच हट्ट आहे. उरल्याचं असं काहीतरी करा की घरातल्यांनी ते मागून घेतलं पाहिजे. मागत नसतील तर ते उद्या पुन्हा आपल्याच नशिबी येणार.

आपल्या आज्यांना हे पुरतं जमलं होतं. येळवणी घ्या. पुरणाची डाळ शिजवून उपसली की मागं राहिलेलं पाणी. तशी ती मोरीत ओतायचीच वस्तू. त्यात गोळाभर पुरण, भाजलेलं कांदा-खोबरं, संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि चिंचेचा कोळ पडला की तिची आमटी होते. शेजारची कन्नड अक्का तिलाच होळिगे सारू म्हणते. होळीला कुणी म्हणालंय का, मला डाळीचं उरलेलं पाणी वाढलं म्हणून? उलट दुसऱ्या दिवशीच्या मुरलेल्या आमटीसाठी भांडणं होतात. तूप कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीचंही तसंच. साखर घालून पोरांना द्या, नाहीतर गरम भाकरीवर चोळा. आणि आपला कुंदा? एका मिठाईच्या दुकानदाराकडं चुलीवर विसरून आटलेल्या दुधातून तो निघाला, असं बेळगावात सांगतात. खरंखोटं देवाला माहीत, पण ते आटलेलं दूध दुकानदाराच्या बायकोनं गपचूप संपवलं असतं तर आज कुंदा नसता.

तुमच्या भागात फणस उदंड. गरे खाऊन आठळ्या टाकणारं घर इथं नसेलच, त्यामुळं तुम्हाला मी काय शिकवू! मिठाच्या पाण्यात उकडा, नाहीतर राखेत पुरून पावसाळ्याला ठेवा, तुम्हीच मला सांगाल.

दोडक्याच्या शिरांचं मात्र सविस्तर सांगते, कारण ती चटणी बहुतेकजणी घाईत बिघडवतात. शिरा काढायच्या आधी दोडका धुवा, नंतर नाही. ओल्या शिरा परतल्या की वाफाळतात आणि दोऱ्यासारख्या चिवट होतात. कढईत दोन चमचे तेल, आच मंद, आणि हात सोडायचा नाही. आधी शिरा मऊ पडतील, मग कडा तांबूस होतील. दोन बोटांत धरल्यावर मोडल्या की झाल्या. मगच तीळ, लसूण, हिरवी मिरची घाला, तीळ तडतडले की उतरवा आणि शेंगदाण्याचं कूट घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. मीठ शेवटी आणि हात आखडून, कारण शिरा सुकून एवढ्याशा होतात, आधीचा अंदाज चुकतो. दुधी भोपळ्याच्या सालीलाही हीच रीत. हिरवट पडलेल्या बटाट्याच्या सालीला मात्र नाही. ती टाकायचीच, तिथं हळहळायचं कारण नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा सालीसाठी एवढी उठाठेव? आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने बघा की. उसाची चिपाडं बॉयलरला, मळी डिस्टिलरीला, गाळ खत म्हणून शेताला. त्यांना कुणी चिकट म्हणत नाही.

आता भाकरी. ज्वारीची भाकरी गार झाली की ताठते आणि फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी लवकर. ती फडक्यात गुंडाळून बुट्टीतच राहू द्या. सकाळी हातानं कुस्करा, मिक्सरला लावलात तर भरडा होईल. नखाएवढे तुकडे राहिले पाहिजेत. वर ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवा. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, मिरची, मूठभर शेंगदाणे, आणि कांदा जरा सढळ हातानं. कुस्करा घालून परता, झाकण ठेवा, खाली खरपूस थर धरला की उलथन्यानं खरवडून वर आणा. चव त्या थरात असते.

खानावळीत मी हा कुस्करा गुरुवारी सकाळी ठेवायला लागले. आधी पोरं नाकं मुरडायची. शिळं वाढताय का मावशी, म्हणायची. मी म्हटलं, होय, शिळंच आहे, खायचं तर खा. महिनाभरात आठ वाजता कढई रिकामी व्हायला लागली. माझ्या वाट्याला तळाचा चुरासुद्धा उरत नाही. आता पंचाईत अशी झालीय की गुरुवारला शिळ्या भाकऱ्याच कमी पडतात, म्हणून बुधवारी रात्री मी वीस भाकऱ्या जास्तीच्या थापते.