इसार देण्याआधी बहिणी मोजा

नमस्कार मंडळी. घर घेताना कागदपत्रांचं काय बघायचं यावर आज बोलतोय, आणि सुरुवात त्या प्रश्नानं करतो जो मला कोर्टाच्या आवारात, लग्नात, अगदी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरताना पण विचारला जातोय. "वकीलसाहेब, घरफाळा त्यांच्याच नावावर आहे, लाईट बिल त्यांचंच आहे, मग बास की?"

नाही बास. घरफाळा म्हणजे नुसती घरपट्टी. घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. परत सांगतो, घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. मालकी बघायची तर आधी ज्या दस्तानं ते घर त्या माणसाकडं आलं तो दस्त, मग शहरात असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, बाहेर असेल तर सातबारा आणि त्याच्या मागचे फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी. त्यात इतर हक्काच्या रकान्यात कुठल्या सोसायटीच्या, बँकेच्या कर्जाचा बोजा चढलाय का ते वाचायचं, आणि वकिलाकडनं निदान 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदलेल्या दस्तांचा शोध, काढून घ्यायचा. सर्चची फी ऐकून लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, तेच लोक वास्तूवाल्याला न विचारता पाकीट देतात, आणि तो येऊन काय सांगतो, तर संडास हलवा. असो.

आता इसार, म्हणजे सौदा ठरवताना आधी दिलेले पैसे. आपल्याकडं घर आवडलं की माणूस खिशात हात घालतो. दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणून एजंट सांगतो, मग घाईघाईत लाखभर रुपये रोख, पावती नाही, फार तर स्टॅम्पपेपरवर चार ओळी. कागद आधी, इसार नंतर. हे एवढंच जरी आज लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं, कागद आधी, इसार नंतर.

यावरनं एक किस्सा सांगतो. नावं सांगत नाही, गल्ली पण सांगत नाही, मंगळवार पेठेतलं एक जुनं घर होतं एवढं पुरे. घर तीन भावांचं. वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं, वडील गेलेले, आई त्यांच्या आधीच गेलेली, मृत्युपत्र काही नाही, आणि प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव, वारस नोंद व्हायची होती. घेणारे एक हायस्कूलचे मास्तर, नवराबायको दोघं, सोबत मास्तरांच्या सासूबाई. मी भावांना विचारलं, वारस किती? थोरला म्हणाला तीन. धाकट्याला विचारलं, तो म्हणाला तीनच की साहेब, आम्ही तिघं, दिसतोय की समोर. मधला काय बोललाच नाही, तो मोबाईलमधी. बरं म्हणलं, तसं प्रतिज्ञापत्र करून द्या. ड्राफ्ट तयार झाला आणि सगळे वाचायला माझ्याकडं आले, श्रावण सरत आला होता, बाहेर पाऊस, खाली पायपुसण्यावर सगळ्यांच्या चपलांचा चिखल.

आता मी कलमं वाचतोय. चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस बोळ, मास्तर मान डोलावतायत, आणि सासूबाईंचं माझ्याकडं लक्षच नाही, त्या थोरल्या भावाच्या मनगटाकडं बघतायत. मनगटावर ही एवढी मोठी राखी, मधी लाल गोंडा, भोवती खडे, पावसानं रंग उतरून शर्टाच्या बाहीला लागलेला. बाईंनी एकदम गोड आवाजात विचारलं, "राखी झकास आहे हो, कुणी बांधली?"

तो पण सरळ माणूस, म्हणाला, "आक्कानं."

"आक्का म्हणजे चुलत?"

"चुलत कशाला काकी, सख्खी हाय की! गडहिंग्लजला दिलीय."

मंडळी, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. धाकट्यानं थोरल्याच्या पायावर पाय दिला, तो मला टेबलाखालनं दिसला. मग सुरू झालं, तिच्या लग्नाला 25 वर्षं झाली, लग्नात एवढं सोनं घातलंय, ती काय मागणार नाही, ती लई चांगली हाय. मी म्हणलं ती चांगली आहे ते कळलं, पण वारस आहे का नाही? वडिलांची स्वतःची मिळकत, मृत्युपत्र नाही, तर मुलगा आणि मुलगी दोघांचा हिस्सा सारखा, हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासनंच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर तिथंही मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीनं दिलाय. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही, सोनं घातलं म्हणून पण जात नाही. म्हणजे तिघांनी सह्या केल्या असत्या तर मास्तरांनी पैसे पूर्ण घराचे मोजले असते आणि हातात आला असता बारा आण्यांचा हक्क, उरलेल्या चार आण्यांसाठी पुढं वाटणीचा दावा.

मग आक्काला फोन लावला, स्पीकरवर. लोकांना वाटतं की अशा वेळी बहीण म्हणणार, मला काय नको रे, माहेर तेवढं राहू दे. आक्का म्हणाली, "किती लाखाला ठरलंय?" आकडा सांगितला. दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "मग माझा चेक वेगळा काढायला सांगा, माझ्या नावाचा, दादाच्या नको." हक्कसोडपत्र करून देते का म्हणून धाकट्यानं विचारून बघितलं, तर म्हणाली, "हक्क सोडायला मी काय देवळात बसलोय व्हय?" आणि बरोबर आहे तिचं. तिला खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विकणार, नंबर चार म्हणून घातलं, ती एसटीनं आली, फोटो अंगठा झाला, चेक पर्समधी टाकला आणि सासूबाईंना म्हणाली, "काकी, तुमचं उपकार हायत." मास्तरांचं घर आज बिनघोर आहे. तेव्हापासनं मी कुणाचं वारसांचं काम असलं की आधी मनगटं बघतो.

तर इसार देण्याआधी बहिणी मोजा. आणि पेपरात जाहीर नोटीस दिली म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही, हे पण ऐकून ठेवा.

वेळ कमी राहिलाय, पटापट घेतो. साठेखत म्हणजे घर पुढं विकीन असा नुसता करार, मालक तुम्ही होता ते खरेदीखतानं, आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतंय. नुसती नोटरी चालत नाही. नाही चालत. नोंदणी फी एक टक्का, पण 30,000 च्या वर नाही. मुद्रांक शुल्क वेगळं, ते तुमचा व्यवहार आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरानं येणारी किंमत, यातला जो आकडा जास्त त्यावर. राहायचं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, आणि तरीपण आपली पुरुष मंडळी म्हणतात नाव माझं पहिलं पाहिजे, घाला मग एक टक्का जास्त. व्यवहार 50 लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या पैशातनं एक टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, कापून भरायचा, हे एजंट सांगत नाही. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, आणि डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा दस्त, झालंय का विचारा, सॅम्पल फ्लॅटमधले पडदे नंतर बघा.

आणि नदीकडच्या भागात घेत असाल तर पूररेषेचा नकाशा बघाच, पण शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला पण विचारा की 2019 ला पाणी कितव्या पायरीला होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका पातळी, त्या वर्षी 55 च्या वर गेलं होतं. सर्च रिपोर्टमधी पाणी दिसत नाही.

शेवटचं, खरेदीखत हातात आलं की प्रॉपर्टी कार्डावर नाव लावायला अर्ज करा, घरफाळ्याला नाव बदला, आणि मूळ खरेदीखत लॅमिनेट करून आणू नका, पुढं कुणाला ते तपासायचं झालं, शिक्का मारायचा झाला तर पंचाईत होती. झेरॉक्स करा काय करायचं ते लॅमिनेट. स्टुडिओच्या काचेपलीकडनं खुणा चालल्यात, थांबतो. नमस्कार.