बडोद्याचा किनारा

बडोद्याच्या मुलांची समुद्राशी पहिली ओळख बहुधा कमाटीबागेतल्या संग्रहालयात, निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी होते. शहराला समुद्र नाही, हे खरेच आहे. परंतु गायकवाडी राज्याच्या जुन्या नकाशात सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला ओखामंडळ नावाचा जो तुकडा दिसतो, तो द्वारकेसह बडोद्याचाच होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल यांनी तिथल्या सागरी जीवसृष्टीची पाहणी केली आणि तिच्या अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या किनाऱ्यावर हिरवे कासव आणि ऑलिव्ह रिडले या जातींच्या माद्या आजही अंडी घालायला येतात.

शंकराच्या देवळात नंदीजवळ असणारे दगडी कासव आपल्या ओळखीचे असते. समुद्री कासवाला मात्र पायांच्या जागी वल्ही असतात आणि ती पाठीखाली ओढून घेणे त्याला जमत नाही. म्हणजे गीतेतली स्थितप्रज्ञाची उपमा निदान या कासवाला तरी लागू पडत नाही.

पहाटेच्या वाळूवर उमटलेला हा माग पाहा. डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुणा अगदी समोरासमोर आहेत, कारण हिरवे कासव पुढची दोन्ही वल्ही एकदम टाकत सरकते. रिडलेच्या खुणा आपल्या पावलांसारख्या आळीपाळीने पडतात.

संतांनी वर्णिलेली कासवी नुसत्या दृष्टीने पिल्ले पोसते. ही मादी शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. मागे राहिलेल्या अंड्यांना कुत्री आणि कोल्हे उकरून काढतात. म्हणून ओखा मढी आणि माधवपूर येथे वनखाते अंडी कुंपणाच्या आतल्या वाळूत हलवते. हे काम नाजूक असते, कारण काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटू लागतो आणि त्यानंतर अंडे उलटे झाले तर तो मरतो. त्यामुळे अंड्याची वरची बाजू वरच राहील अशा बेताने ते उचलावे लागते. नवा खड्डाही मूळ खड्ड्याइतकाच खोल आणि तळाशी सुरईसारखा फुगीर खणावा लागतो. वाळू 29 अंश सेल्सिअसहून बरीच तापली, तर जवळजवळ सगळ्या माद्याच निपजतात, म्हणून सावलीचाही विचार करावा लागतो.

एकाच राज्याने किनारा राखून भागत नाही. ओडिशात 2021 मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली एक रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये कोकणात, गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे निरनिराळी असावीत, हा समज त्यामुळे डळमळला.

अंडी पुरल्याला आता दोन महिने होत आले आहेत. कुंपणातल्या एका खुणेपाशी वाळू किंचित खचली आहे, तिथे बशीएवढा खळगा पडला आहे आणि त्याच्या मधोमध एक काळे नाक हलते आहे.